अंगच्या मापाच्या गोल्फ स्टिक घ्याव्यात का, आणि कुठे? : माझा अनुभव

६ वर्षांपूर्वी माझे मेहुणे दुबईतील नोकरी आटोपून परतले, तेव्हा त्यांनी आपला गोल्फचा सेट मला देऊन टाकला, आणि खारघरच्या डोंगराखाली सिडकोने विकसित केलेल्या मैदानावर दर रविवारी पहाटे नेरुळहून जाण्याची सवय मला त्या सेटमुळेच लागली. मेहुण्यांची उंची ६ फूट १ इंच आणि माझी ५ फूट ५ इंच आहे, ही गोष्ट त्या वेळी आम्हां दोघांनाही महत्त्वाची वाटली नाही. दुसऱ्याचे बूट आपण घालत नाही, पण दुसऱ्याची स्टिक चालते, असा माझा समज होता. रबाळ्याच्या एका टूलरूममध्ये २७ वर्षे मायक्रोमीटर हाताळणाऱ्या माणसाने असा समज बाळगावा, याची आता लाज वाटते.

माझा चेंडू डावीकडे जात असे. प्रशिक्षकांनी खांद्यांची दिशा, पकड, मनगटे असे सर्व काही दुरुस्त करून पाहिले, आणि चूक माझ्या स्विंगमध्येच, म्हणजे स्टिक फिरवण्याच्या पद्धतीतच, आहे असे मीही धरून चाललो होतो. मात्र एक गोष्ट मला खटकत होती. ४ नंबरचे आयर्न (धातूच्या चपट्या डोक्याची स्टिक; नंबर वाढतो तसा तिच्या तोंडाचा उतार वाढतो) जेव्हा नीट लागे तेव्हा चेंडू बऱ्यापैकी सरळ जाई, ७ नंबरचा डावीकडे झुके, आणि वेज या सर्वांत उतरत्या तोंडाच्या स्टिकचा तर सर्वांत जास्त डावीकडे जाई. दोष केवळ हातांचा असता तर तो असा क्रमाने का वाढावा, याचे उत्तर मला सुचत नव्हते.

उत्तराची पहिली खूण माझी पिशवी वाहणाऱ्या कॅडीने दाखवली. मी मारलेल्या फटक्याने निघालेल्या गवताच्या खड्ड्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, “साहेब, हे बघा, तुमच्या बाजूला खोल आणि पलीकडे नुसतं खरवडलंय. स्टिक टाचेवर पडतेय.” टाच म्हणजे स्टिकच्या डोक्याची दांड्याकडची बाजू. मी वाकून पाहिले, आणि खरोखरच तो खड्डा उतरत्या पन्हाळीसारखा होता.

त्या आठवड्यात रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, मी एक साधी चाचणी केली. चेंडूवर जाड मार्करने रेघ काढायची, ती उभी राहील आणि स्टिकच्या तोंडाकडे येईल अशा बेताने चेंडू ठेवायचा, आणि मारून झाल्यावर तोंडावर उमटलेला ठसा पाहायचा. स्टिकचा लाय, म्हणजे दांडा आणि तळ यांमधील कोन, बरोबर असेल तर ठसा तोंडावरील आडव्या खाचांना काटकोनात उमटतो. माझा ठसा वरच्या टोकाला स्टिकच्या चोचीकडे, म्हणजे डोक्याच्या माझ्यापासून दूरच्या टोकाकडे, कललेला होता, आणि १० चेंडूंपैकी ८ वेळा तो जवळजवळ तसाच आला. याचा अर्थ चेंडूला लागण्याच्या क्षणी चोच वर उचललेली असे. तोंडाला जितका उतार अधिक, तितके अशा वेळी ते डावीकडे अधिक वळते; वेज सर्वांत जास्त का भरकटत होते, हे मला तिथे उभ्याउभ्या उमगले.

घरी येऊन मी सेट मोजला. प्रत्येक आयर्न नेहमीच्या मापापेक्षा अर्धा इंच लांब होते, शाफ्ट (दांडे) पोलादी आणि ताठ, म्हणजे ‘एस’ खुणेचे होते, आणि ग्रिप (मुठी) मेहुण्यांच्या पंजाला साजेशा जाड होत्या. त्यानंतर मी केलेली चूक मुद्दाम सांगतो. सर्वांत स्वस्त काम म्हणून मी आधी ग्रिप बदलून नेहमीच्या जाडीच्या बसवून घेतल्या, आणि चेंडू आणखी डावीकडे जाऊ लागला. जाड ग्रिप हातांना वळू देत नाही, त्यामुळे चेंडू थोडा उजवीकडे राहतो. एका दोषाने दुसऱ्याला इतके दिवस झाकून ठेवले होते.

मग प्रश्न उरला तो मापाच्या स्टिक घ्याव्यात का, हा. आमच्या गटातील बहुतेकांचे मत होते की ज्याचा खेळच अजून बसलेला नाही त्याने ही चैन करू नये. या मतात तथ्य आहे, पण अर्धेच. शाफ्टचे वजन आणि लवचिकता या गोष्टी स्विंगबरोबर बदलतात, आणि नवशिक्याने त्यांच्यावर फार खर्च करणे घाईचे ठरते. लांबी, लाय आणि ग्रिप मात्र बऱ्याच अंशी उंची, हातांची लांबी, पंजा आणि उभे राहण्याची ढब यांवर ठरतात, आणि पन्नाशीनंतर माझी उंची वाढणार नव्हती. शिवाय चुकीच्या लायच्या स्टिकने खेळणारा माणूस नकळत तशीच वळणे अंगी बाणवून घेतो. गोल्फच्या स्टिक बनवणाऱ्या ‘पिंग’ कंपनीचे संस्थापक कार्स्टन सोलहाइम हे जनरल इलेक्ट्रिकमधील अभियंते; त्यांच्या कंपनीने १९७२ मध्ये लायनुसार रंगीत ठिपक्यांची पद्धत आणली, ज्यात काळा ठिपका म्हणजे प्रमाण माप. हे वाचल्यावर मला उगाचच आपल्या माणसाने साक्ष दिल्यासारखे वाटले.

कुठे जावे हे ठरवायला दोन महिने लागले. पहिल्या दुकानात माझे मनगट जमिनीपासून किती उंच आहे तेवढे मोजले गेले, दुकानातल्याच जाळीत ६ चेंडू मारून घेतले गेले, आणि सव्वा लाखाच्या पुढचा अंदाज हातात ठेवला गेला. माझा जुना सेट त्यांनी पिशवीतून बाहेरही काढला नाही. तेव्हा मी स्वतःसाठी काही अटी ठरवल्या. फिटरने, म्हणजे माप घेऊन स्टिक जुळवून देणाऱ्याने, माझ्याच स्टिकपासून सुरुवात करावी, एकाहून अधिक कंपन्यांची डोकी त्याच्याकडे असावीत, मी नेहमी खेळतो तसे चेंडू वापरावेत कारण रेंजचे चेंडू कमी जातात, आणि निदान काही फटके गवतावरून मारू द्यावेत, कारण चटईवर स्टिक चेंडूच्या मागे पडली तरी घसरत पुढे जाते आणि चूक लपते. या अटींत बसणारे एक गृहस्थ मला पुण्यात भेटले. नवी मुंबईहून द्रुतगती मार्गाने जाऊन परत येण्यात रविवार जातो, पण तो मी आनंदाने घालवला.

त्यांनी आधी २० मिनिटे मला नुसते मारू दिले, कारण पहिल्या १० फटक्यांत माणूस दाखवण्यासाठी मारतो, असे त्यांचे म्हणणे होते. ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वांत लांब पल्ल्याच्या स्टिकचा, वेग ताशी ८२ मैल निघाला, जो ताठ शाफ्टला पुरेसा नाही. ४ आणि ५ नंबरच्या आयर्नच्या पल्ल्यात जेमतेम ३ यार्डांचा फरक होता, म्हणजे मी एक स्टिक विनाकारण वाहत होतो. लाय माझ्यासाठी सुमारे ३ अंशांनी अधिक उभा होता.

“नवा सेट घ्यायलाच हवा का?” असे मी विचारल्यावर त्यांनी आयर्नच्या मानेवर नख वाजवून ती घडीव आहे याची खात्री केली आणि “नको” म्हणाले. (नखाने ते कसे कळते, हे मला अजून पटलेले नाही, मी मॉडेल पाहून आधीच खात्री केली होती.) घडीव कार्बन स्टील २ अंशांपर्यंत निश्चिंतपणे वाकवता येते, ओतीव १७-४ स्टेनलेस असते तर ते उसळून मागे आले असते किंवा तडकले असते. हे काम आमच्याच टूलरूममधील शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून करण्याचा मोह मला झाला होता, पण डोके अचूक पकडणारे जिग आणि कोन मोजणारी तबकडी नसताना मानेवर जोर लावणे म्हणजे मेहुण्यांच्या देणगीचे भंगार करणे, एवढे मला कळत होते.

प्रथम फक्त ७ नंबरचे आयर्न करून घेतले. मुठीच्या टोकाकडून अर्धा इंच कापल्याने लाय साधारण १ अंशाने आपोआप आडवा झाला आणि उरलेले २ अंश वाकवून काढले. कापल्यामुळे स्विंगवेट, म्हणजे फिरवताना डोके किती जड जाणवते त्याचे माप, डी-२ वरून सी-९ वर उतरले, म्हणून डोक्याच्या पाठीवर ६ ग्रॅम शिशाची पट्टी चिकटवली. ३ रविवार त्या एका आयर्नने खेळून ठसा उभा येतो हे पाहिल्यावरच बाकीची दिली. शाफ्ट बदलून हलक्या, अधिक लवचिक अशा ‘आर’ खुणेच्या घेतल्या, आणि ४ नंबरच्या आयर्नच्या जागी एक हायब्रिड, म्हणजे मारायला सोपी, जाडसर डोक्याची स्टिक, आले. एकूण खर्च त्या पहिल्या अंदाजाच्या तिसऱ्या हिश्शाइतका झाला.

चेंडू अजूनही कधीकधी डावीकडे जातो, पण आता तो ४ नंबरच्या हायब्रिडचाही जातो आणि वेजचाही जातो, म्हणजे तो दोष माझा आहे. प्रशिक्षकांकडे पुन्हा जाऊ लागलो आहे. ड्रायव्हर तूर्त मेहुण्यांचाच आहे. स्विंगचा वेग या पावसाळ्यानंतर पुन्हा मोजायचा आणि मगच त्याचा शाफ्ट ठरवायचा, असे पुण्याच्या फिटरशी बोलून ठेवले आहे.