त्याला पेटी आवडत नाही

“न दिसणाऱ्या पोराला चित्रकला कशाला शिकवता, गुरुजी? पेटी शिकवा की!” हा प्रश्न मला बाजारात, एसटीत, एका बारशाच्या पंगतीतसुद्धा विचारून झाला आहे. विचारणारी माणसं वाईट नसतात. त्यांच्या मनात एक वाटणी पक्की असते, एवढंच. डोळ्यांनी अधू असेल त्याला गाणं-बजावणं, कानांनी अधू असेल त्याला चित्र, पायांनी अधू असेल त्याला बसल्या जागी करायचं काहीतरी. परवा तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

त्याला पेटी आवडत नाही. गावातल्या मंडळाने वर्गणी काढून त्याला चांगली पेटी आणून दिली, हार घातला, फोटो काढला. आता त्या पेटीवर त्याची आजी सूप ठेवते. पोरगा चौदा वर्षांचा, जन्मापासून दृष्टी नाही. सूर बरा लागतो, पण पाच मिनिटांत कंटाळतो. मातीत हात घातला की मात्र जेवायला हाक मारावी लागते.

माती आमच्याकडे भरपूर. कुडाळ तालुक्यात आमच्या घरची गणपतीची शाळा आहे. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगतो, मूर्ती घडवायच्या जागेला आम्ही शाळाच म्हणतो. मी तीस वर्षं सरकारमान्य शाळेत चित्रकला शिकवली आणि पावसाळ्यात या शाळेत बसलो. इथे प्रवेश अर्ज नाही. कोण मूर्तीसाठी पाट घेऊन येतो, कोण नुसता बघायला येतो, आणि बघणाऱ्याच्या हातात आपोआप मातीचा गोळा येतो. हा पोरगाही तसाच आला.

सुरुवातीला मी चूक केली. त्याचा हात धरला आणि कागदावर फिरवला. घर झालं, माड झाला, मागे डोंगर झाला. त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगा म्हणाला, “ह्या चित्र तुमचा आसा. माजा खय?” मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? रात्री कळलं की तो बरोबर बोलला.

आता मी उलट करतो. माझा हात खाली, मातीवर. त्याचा हात माझ्या हातावर. सोंड वळवताना अंगठा कुठे दाबतो, मनगट कधी फिरतं, पाण्याचा हात किती हलका लावायचा, हे त्याला कळतं, आणि नको वाटलं की तो हात काढून घेऊ शकतो. हात धरल्यावर ती सोय त्याला नव्हती. ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, अशा मुलांना शिकवणारे लोक ही पद्धत फार आधीपासून वापरतात. मला ती निवृत्तीनंतर समजली.

कागदासाठी मच्छरांची जाळी कामाला आली. खिडकीला लावतात तीच, प्लायवूडवर ताणून ठोकलेली. वर साधा कागद ठेवून मेणाच्या खडूने ओढलं की रेघ खरखरीत उठते आणि बोटाला लागते. फेविकॉलची रेघही चालते, पण पावसाळ्यात ती वाळायला दोन रात्री जातात. दुसऱ्या एका मुलीला तर एवढंही लागलं नाही. तिला आंधळी म्हणूनच माझ्याकडे आणलं होतं. तिला पेन्सिलीची रेघ दिसत नाही, पिवळ्या कार्डावरची जाड काळी रेघ मात्र दिसते. तिच्या शाळेत चार वर्षं तिला चित्रकलेच्या तासाला बाहेर बसवत होते. एक काळं मार्कर कोणी देऊन बघितलं नाही.

चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला आपल्या मुलांना काय काय काढायला लागतं ते आठवा. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. यातलं स्थिरचित्र डोळ्यांचं, मान्य. पण स्मरण? स्मरण फक्त डोळ्यांचं असतं असं कोणी ठरवलं? मी त्याला जाळीवर ‘जत्रा’ काढायला सांगितलं. त्याने कागदाच्या तळाला एक जाड रेघ ओढली, ती देवळाची फरशी. मग पायऱ्या, मोजून नऊ, आमच्या देवळाला तेवढ्याच आहेत. मग एक वर्तुळ. मी म्हटलं, हे काय? “खांब.” खांब उभा असतो रे, दोन रेघांचा. “खांबाक मिठी मारल्यार तो गोलच लागता.” दशावताराच्या नाटकाची जागा त्याने तळच्या रेघेवर छोट्या छोट्या लाटांनी दाखवली होती. पखवाज त्याला आधी पायांतून येतो, मग कानांतून. तीस वर्षं हजारो कागद तपासले मी, पण या कागदाला किती गुण द्यायचे ते मला ठरवता येईना.

कोणी म्हणेल, हे कौतुक झालं, याला कला म्हणायचं का? शांतिनिकेतनच्या बिनोदबिहारी मुखर्जींची दृष्टी 1950 च्या दशकात पूर्ण गेली. त्यानंतर त्यांनी कागद कापून चित्रं केली, मेणाच्या छोट्या आकृती केल्या, आणि 1972 च्या सुमारास कलाभवनात फरशांचं भित्तिचित्र उभं केलं. अर्थात ते आधी मोठे चित्रकार होते, आमचा पोरगा नाही. त्याचे गणपतीपुढचे उंदीर लठ्ठ होतात. लोक म्हणतात, वा, किती गोड! मी मोडायला लावतो. गिऱ्हाइकाने दया म्हणून घेतलेला उंदीर मला शाळेबाहेर जायला नको.

आपल्याकडच्या कलेतही त्याच्या बोटांना जागा असलेल्या गोष्टी आहेत आणि नसलेल्याही. सावंतवाडीच्या गंजिफा त्याच्या हातात दिल्या. दशावतारी गंजिफा म्हणजे 120 गोल पत्ते, त्यावर मत्स्यापासून सगळे अवतार. त्याला लागला फक्त गुळगुळीत रोगण. मग मातीच्या चकत्यांवर आम्ही मत्स्य आणि कूर्म उठावात केले, वराहापाशी अडकलो आहोत. पिंगुळीच्या ठाकर समाजाच्या, सावल्यांच्या खेळातल्या चामड्याच्या बाहुल्यांचं उलटं. त्यांना प्रकाश जावा म्हणून भोकं पाडलेली असतात. तो त्या भोकांवरून बोट फिरवून दागिना कुठे संपतो ते सांगतो. पण प्रदर्शनात गेलो की पहिली पाटी : ‘हात लावू नये.’

आता वाटणीची दुसरी बाजू. आमच्या गणपतीच्या शाळेत एक चेडू, म्हणजे मुलगी, येते, तिला ऐकू येत नाही. तिला रंग द्या, ती छान रंगवेल, असं सगळे म्हणाले. रंगवते ती, वाईट नाही. आषाढात पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की आम्ही सगळेच बहिरे होतो, तेव्हा खुणांनी सगळ्यांना कामाला लावणारी तीच. पण तिला हवी होती फुगडी. चवथीला बायका गणपतीपुढे फेर धरतात, तिला कडेला पाट देऊन बसवायचे. तिच्या काकीने एकदा तिला आत ओढलं. हातात हात असला की ताल हातातून येतो. दोन दिवस ती अडखळली, तिसऱ्या दिवशी काकीच दमली.

कायदाही आता हेच म्हणतो. 2016 च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाच्या 29 व्या कलमात कला दिव्यांगांच्या आवाक्यात आणणं लिहिलं आहे, आणि कलाविषयांचे अभ्यासक्रम त्यांना भाग घेता येईल असे नव्याने आखणंही. तो अभ्यासक्रम कोणी आखून माझ्यापर्यंत पोचेल तेव्हा पोचेल.

माझ्याही शाळेचं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल गुरुजी दुसऱ्यांनाच नावं ठेवतात. शेजारच्या वाडीतले एक गृहस्थ झाडावरून पडल्यापासून चाकाच्या खुर्चीत आहेत. त्यांना आखणी शिकायची आहे, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे आहेत, हात त्यांचा स्थिर आहे. आमच्या शाळेला जांभ्याच्या तीन पायऱ्या. गेल्या चवथीला दोघांनी त्यांना उचलून आत आणलं. ते एकदा आले, परत आले नाहीत. उचलून घेतलेलं कोणाला आवडतं? उतार करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. आमची उंची दीड फूट, म्हणजे अठरा फूट, आणि खळ्यात, म्हणजे अंगणात, मध्येच माड. उतार माडाला वळसा घालून न्यावा लागेल. गवंडी म्हणतो, कशाला एवढं, नऊ फुटांत भागवू. मी म्हटलं, त्या नऊ फुटांवरून तू स्वतः खुर्चीत बसून वर चढून दाखव. चिरे आणून टाकले आहेत. मिरगाच्या आत करून देतो म्हणालाय. गेल्या वर्षीही हेच म्हणाला होता.