पहिल्याच सॅम्पलला पेप्टाइड खाली कसं उतरलं?

सिरम त्वचेत किती मुरतं ते आम्ही लॅबमध्ये फ्रान्झ सेलवर, म्हणजे दोन कप्प्यांच्या छोट्या काचेच्या भांड्यावर, बघतो. वर सिरम, खाली द्रव (त्यातूनच ठरावीक वेळाने सॅम्पल काढून मोजायचं), मधे डुकराच्या कानाची कातडी, तापमान ३२ अंश. लोकांना वाटतं मशीन लावलं की आकडा येतो, पण खरा जीव जातो कातडी बसवण्यात, खाली हवेचा एक बुडबुडा अडकला तरी तेवढ्या जागेतून काहीच उतरत नाही, मग सेल तिरका करून हलक्या हाताने तो बाहेर काढत बसायचं.

त्या दिवशी पामिटॉईल पेंटापेप्टाइडचं सिरम होतं, म्हणजे पाच अमिनो आम्लांची छोटी साखळी, सुरकुत्यांसाठी वापरतात ती. रेणूभार ८०२ डाल्टन, आणि ५०० च्या वरचं अखंड त्वचेतून सहसा जात नाही. पामिटिक या मेदाम्लाची शेपूट लावतात ती वरच्या थरातल्या चरबीत त्याला शिरता यावं म्हणून, पण शिरणं वेगळं, पार होणं वेगळं. बाकी सगळ्या सेलमध्ये खाली जवळपास काहीच नाही आणि एकात भरभरून. क्लायंटचे मार्केटिंगवाले लगेच म्हणाले, सरासरी काढा. 'खोलवर पोचतं' छापायची घाई, दुसरं काय.

मला खटकली ती वेळ. मृत पेशींचा थर १०-२० मायक्रॉनचाच, पण तो पार होईपर्यंत आलेख तळाशी पडून असतो. हा पहिल्या सॅम्पलपासूनच वर! सिरम लावण्याआधीची कातडीतून पाणी उडण्याची नोंद (जास्त उडालं तर कातडी कुठेतरी दुखावलेली) काढली तर त्याच सेलची सगळ्यात जास्त, आमच्या एसओपीतली (लेखी कार्यपद्धतीतली) मर्यादा इतकी सैल आहे की तरीही तो पास झालेला, याबद्दल मी कधीपासून भांडतोय. भिंगाखाली धरलं तर केस काढताना लागलेला वस्तऱ्याचा बारीक चरा स्पष्ट दिसला.

सेल बाद केला, क्लायंट नाराज. पण त्यांच्यातल्याच एक मॅडम म्हणाल्या, "अहो, लोक तरी अखंड त्वचेवर कुठे लावतात? रोज ॲसिडने सोलतात, मग चुरचुरलं की म्हणतात काम करतंय."

हे डोक्यातून जात नाहीये. चऱ्यातून पेप्टाइड गेलं तर सुगंध आणि फिनॉक्सीइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्हही गेलंच असणार, ते तर कितीतरी छोटे रेणू. पण ते आम्ही मोजलं नाही, कारण टेस्ट फक्त पेप्टाइडची मागवली होती. उरलेलं सॅम्पल फ्रीझरमध्ये आहे, ते तपासायची परवानगी मागितलीये.