काळारामाच्या दारापासून गायरानापर्यंत : दादासाहेब गायकवाड

भाभानगरातील सभागृहामुळे कर्मवीर दादासाहेब गायकवाड हे नाव नाशिककरांच्या सतत तोंडी असते; परंतु त्यांची ओळख बहुधा दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी झालेल्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहापाशीच थांबते. माझ्या मते त्यांचे मोठे राजकारण त्यानंतरचे, म्हणजे जमिनीचे आहे.

दादासाहेबांचे मूळ नाव भाऊराव कृष्णाजी गायकवाड; त्यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी दिंडोरी तालुक्यातील आंबे येथे झाला. २ मार्च १९३० रोजी पंचवटीत सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे होते. पण बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेल्यावरही माणसे जमवणे, त्यांची सोय लावणे आणि वर्षानुवर्षे त्यांचा धीर टिकवणे ही जिकिरीची कामे भाऊरावांनीच निभावली. १९३४ च्या रामनवमीला पुन्हा सत्याग्रह करावा काय, असे त्यांनी विचारले, तेव्हा ३ मार्चच्या पत्रात बाबासाहेबांनी स्पष्ट नकार कळवला. समाजाला मूर्तिपूजक बनवण्यासाठी हा लढा नव्हता, आता सारी शक्ती शिक्षण आणि राजकारणाकडे वळवावी, असा त्या पत्राचा आशय होता. दादासाहेबांची पुढची वाटचाल पाहिली, तर तो सल्ला त्यांनी किती मनावर घेतला होता, हे कळते.

१९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ते नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले आणि १९६२ ते १९६८ राज्यसभेत होते. मात्र संसदेतील जागेपेक्षा गावाबाहेरच्या पडीक जमिनीवर त्यांचे अधिक लक्ष होते. गायराने आणि पडीक सरकारी जमिनी भूमिहीनांना कसायला द्याव्यात, यासाठी त्यांनी १९५९ मध्ये सत्याग्रह केला. पुढे ६ डिसेंबर १९६४ पासून हाच लढा देशभर उभा राहिला आणि लाखो लोकांनी स्वतःला अटक करवून घेतली. संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे, ही मागणीही त्यात होती. त्यांच्या रिपब्लिकन पक्षातील फूट त्यांना टाळता आली नाही आणि काँग्रेसशी केलेल्या युतीने पक्षाचे बळ घटले, हा आक्षेप मला रास्त वाटतो; तथापि भूमिहीनांचा प्रश्न त्यांच्याइतका नेटाने त्या काळात फार थोड्यांनी लावून धरला.

१९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाच्या सबळीकरण व स्वाभिमान योजनेत दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन सरकारने विकत घेऊन देण्याची तरतूद आहे. अर्थात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यात सरकारी दराने जमीन विकायला कोण पुढे येणार, हा प्रश्न उरतोच.