डायल चिकटवलेली निघाली तो रविवार

2017 च्या मे महिन्यातला रविवार होता. जुन्या बाजारात माझी जागा म्हणजे एक ताडपत्री, आधी तिथं माझे मामा बसायचे, ते थकल्यावर मी बसायला लागलो. पुण्यात मंगळवार पेठेत, शाहीर अमर शेख चौकाजवळ, रविवार आणि बुधवार. डाव्या हाताला पाने-पक्कड विकणारे चाचा, उजव्या हाताला पितळी भांड्यांवाली मावशी, आणि मध्ये मी, जुनी चावीची घड्याळं घेऊन. विकतो पण आणि तिथंच मांडी घालून रिपेअर पण करतो.

त्या वर्षी एचएमटीला भयानक मागणी होती. 2016 च्या जानेवारीत सरकारनं एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली आणि ज्यांनी वर्षानुवर्षं ती घड्याळं कपाटाच्या खणात टाकून दिलेली त्यांना एकदम आठवण आली. 1961 साली बंगळुरात जपानच्या सिटिझनच्या मदतीनं ही घड्याळं बनायला लागली, तेव्हापासून लग्नात जावयाला एचएमटी, पास झाला की एचएमटी, रिटायर झाला तरी एचएमटी. आता कॉलेजची पोरं येऊन विचारायची, दादा पायलट आहे का, जनता आहे का, ही एचएमटीच्याच मॉडेलांची नावं. माल कमी आणि गिऱ्हाईक जास्त झालं की मग रिडायल सुरू होतं, म्हणजे जुनी डायल खरवडायची, नवा रंग मारायचा, वर परत नाव छापायचं. भगव्या पोपटी असल्या रंगांच्या डायली निघायला लागल्या, कंपनीनं जन्मात काढल्या नसतील अशा.

तर तीन आठवडे आधी एका पोरानं माझ्याकडून जनता नेलेली, 1200 रुपयांना. देवनागरीत ‘जनता’ लिहिलेली डायलच पाहिजे म्हणला, कारण वडिलांचं तसलं घड्याळ एसटीत हरवलं होतं आणि त्यांच्या वाढदिवसाला द्यायचं होतं. मी एका लॉटमधनं आलेलं दिलं. एकदम कोरं करकरीत दिसत होतं.

त्या रविवारी वडील स्वतः आले, एकटेच. पासष्टीच्या आसपास, पांढरा शर्ट, खिशाला पेन. पिंपरीला एका कारखान्यात टूलरूमला होते, हे नंतर कळलं. ओरडले नाहीत काही नाही, घड्याळ माझ्या रुमालावर ठेवलं आणि म्हणाले, "जरा उघड बरं. तीस वर्षं मी ती डायल बघितलीय, हा ‘ज’ तो नाही."

उघडलं. मागचं झाकण काढलं, चावी काढली, मशीन बाहेर घेतलं. मशीन खरं होतं, 17 ज्वेलचं, बॅलन्सचं चाक पण छान फिरत होतं. मग काटे काढले आणि डायलच्या कडेला लूप, म्हणजे घड्याळवाल्याचं भिंग, लावून बघितलं. ओरिजिनल डायलला मागे दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या भोकात बसतात आणि बाजूच्या स्क्रूनं घट्ट होतात. इथं स्क्रू होते, भोकं होती, पण पाय कापलेले आणि डायल गोंदानं चिकटवलेली. चिमट्याचं टोक घातलं तर तो वाळलेला पिवळा गोंद पापुद्र्यासारखा निघाला.

काकांनी पण लूपमधनं बघितलं. मग मला विचारलं, "तुला माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं, लॉट देणाऱ्यावर ढकलता आलं असतं. पण मला शंका आली होती, छपाई जाड होती हे दिसलेलं, फक्त काटे काढून बघायचा कंटाळा केला कारण पोरगा पैसे हातात घेऊन उभा होता. मी तेच सांगितलं. 1200 रुपये काढून समोर धरले. त्यांनी हात पण लावला नाही. म्हणाले, "पैसे नकोत. मशीन चांगलंय ना? मग नीट करून दे. मी बसतो."

आणि खरंच मावशीच्या रिकाम्या पाटावर बसले. माझ्या डब्यात एका बंद पडलेल्या घड्याळाची खरी देवनागरी डायल होती, पण बारा आणि एकच्या मधे पाणी गेल्याचा तपकिरी डाग. मी म्हणलं काका ही डागाळलीय, थांबा थोडे दिवस, चांगली शोधतो. ते म्हणाले हीच लाव, हिचा ‘ज’ बरोबर आहे.

डायल बसवली, पाय भोकात गेले, स्क्रू आवळले. तासकाटा बसला, मिनिटकाटा बसला आणि सेकंदकाटा चिमट्यात धरलेला असताना वाऱ्याचा झोत आला आणि काटा गेला. केसाएवढा बारीक काटा, खाली मातीची धूळ, शेजारी चाचांच्या स्क्रूंचा ढीग. चाचांनी उठून दोन्ही हात पसरून गिऱ्हाईकं थांबवली, कोई पाव मत रखो रे. मावशी आणि मी गुडघ्यावर, काका चष्मा सरकवून ताडपत्रीची सुरकुती न सुरकुती बघतायत. वीस मिनिटं तरी गेली असतील. मावशीला सापडला, तिच्याच एका पितळेच्या तपेलीत, बोट ओलं करून तिनं तो अलगद टिपला आणि तसंच बोट माझ्यासमोर धरलं.

बसवला. काकांनी स्वतः चावी दिली, अंगठा आणि बोटात धरून सावकाश, शेवटाला कडक लागलं तिथं थांबले. कानाला लावलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मी मजुरी घेतली नाही, ते पण काही बोलले नाहीत, फक्त पोराला सांगतो म्हणाले.

त्या रात्री घरी त्या लॉटची उरलेली अकरा घड्याळं उघडली. चारांच्या डायली चिकटवलेल्या. त्या चारांना दोऱ्यानं चिठ्ठी बांधली, ‘मशीन ओरिजिनल, डायल बदललेली’, आणि भाव निम्मा केला. बुधवारी पहिल्याच गिऱ्हाईकानं चिठ्ठी वाचून घड्याळ खाली ठेवलं आणि गेला. दुपारी दुसरा एक आला, त्यानं चिठ्ठी दोनदा वाचली आणि म्हणला, उघडून दाखवता का. मी लूप त्याच्या हातात दिली.