दिवाळी अंक: आधी पानांचा हिशेब, मग सजावट

इनडिझाइन हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर उघडून लगेच पहिल्या लेखाचा मजकूर ओतायला घेतला की अंकाची मांडणी हमखास विस्कटते. आधी कागदाची डमी, म्हणजे कोऱ्या पानांचा नमुना अंक, करा. १६० पानांचा अंक म्हणजे सोळापानी दहा फर्मे; फर्मा म्हणजे दोन्ही बाजूंनी छापून घडी घातलेला एक मोठा कागद. नेहमीच्या घडीत प्रत्येक फर्म्याची १, ४, ५, ८, ९, १२, १३ आणि १६ ही पानं कागदाच्या एका बाजूला येतात, उरलेली आठ दुसऱ्या बाजूला. चित्रांचा लेख रंगीत हवा असेल तर तो ४-५ किंवा ८-९ वर बसवा. ३ आणि ४ रंगीत केली तर दोन्ही बाजूंना चार-चार प्लेटा (छपाईच्या प्रत्येक रंगाची एक) लागतात, खर्च उगाच वाढतो. हा क्रम छापखान्याकडून आधीच पक्का करून घ्या. जाहिरातींच्या जागाही डमीतच ठरवा.

आता पान. सव्वासात बाय साडेनऊ इंच म्हणजे ५२२ बाय ६८४ पॉइंट (एका इंचात ७२ पॉइंट). मजकूर १२ पॉइंटात असेल तर एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंत १६ द्या. इंग्रजीच्या सवयीने १४ ठेवले की वर ‘विद्युत’ आणि नेमकं त्याखाली ‘कीर्ती’ आलं, तर उकार आणि रफार एकमेकांना भिडतात. वर ५४, खाली ७० पॉइंट सोडले की ५६० उरतात, बरोबर ३५ ओळी. बेसलाइन ग्रिड, म्हणजे ओळी बसवायच्या आडव्या रेषा, १६ चीच ठेवा. शीर्षकाची प्रत्येक ओळ ३२ पॉइंटांची, फोटोच्या चौकटीची उंची ओळींच्या पटीत; मग दोन्ही कॉलम तळाशी एका रेषेत येतात.

आतला समास ५४, बाहेरचा ४२, मध्ये १८ सोडून २०४ पॉइंटांचे दोन कॉलम. तीन कॉलमांचा मोह टाळाच. ‘महाविद्यालयांमधल्या’सारखा शब्द अरुंद कॉलमात अर्धी ओळ खातो आणि जस्टिफाय केल्यावर, म्हणजे ओळी दोन्ही कडांपर्यंत ताणल्यावर, शब्दांमध्ये भगदाडं पडतात. जस्टिफिकेशनमध्ये लेटर स्पेसिंगचे (अक्षरांमधल्या अंतराचे) तिन्ही आकडे शून्य ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते. शीर्षकाला ट्रॅकिंग देऊन अक्षरं लांब केली तरी तेच होतं.

परिच्छेदाच्या मूळ स्टाईलमध्येच वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारा इनडिझाइनमधला पर्याय) निवडा. त्याशिवाय युनिकोड मजकुरातली जोडाक्षरं सुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाते. जुन्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये आणा आणि त्यानंतरच मुद्रितशोधनाला द्या, कारण रूपांतरात रफार हमखास सरकतात.

मजकुराचा काळा फक्त १०० टक्के काळा. चार रंगांतून बनवलेला काळा छपाईत जरा हलला तरी बारीक अक्षरांना रंगीत कडा दिसते.