डिचोलीचं झेरॉक्स दुकान आणि टोकियोची रिको

गोव्यात डिचोलीत बाबांचं झेरॉक्सचं दुकान. एक-चौदाचे म्हणजे जमिनीचे उतारे, शाळेचे दाखले, कोर्टाचे कागद. शाळेतून आलो की मशीनची काच पुसायची, हे माझं काम. बाबा म्हणायचे, "आपल्याला मशीन नाही पोसत रे, कागद पोसतो."

आता मी टोकियोच्या ओता वॉर्डात राहतो. कॉपियर बनवणाऱ्या रिको कंपनीचं मुख्य कार्यालय इथेच आहे. तिची गोष्ट कळली तेव्हा बाबांचं ते वाक्य आठवलं, कारण रिकोची सुरुवात मशीनने नाही, कागदानेच झाली. कियोशी इचिमुरा यांनी 1936 साली कंपनी काढली ती प्रकाशाने नक्कल उमटणारा कागद विकायला. 'रिकोपी 101' हे नक्कल काढायचं यंत्र आलं 1955 मध्ये. 1977 मध्ये कंपनीने 'ऑफिस ऑटोमेशन' हा शब्द पुढे आणला आणि कॉपियर, फॅक्स, प्रिंटर असं सगळं त्यात बसवलं.

या धंद्यात खरा पैसा मशीन विकून कमी, टोनर (छपाईची भुकटी) आणि सर्व्हिसमधून जास्त. किती पानं निघाली तेवढं बिल. मग लोक छापायचेच कमी झाले तर?

आमच्या ऑफिसात त्याचं उत्तर रोज दिसतं. बिल आलं की मशीनवर ठेवायचं. स्कॅन होतं, सॉफ्टवेअर त्यातली तारीख, रक्कम, नाव वाचतं आणि थेट हिशेबनिसाच्या स्क्रीनवर धाडतं. मंजुरीही तिथेच. एक पान छापलं जात नाही. असंच काम करणारी जर्मनीची डॉक्युवेअर कंपनी रिकोने 2019 मध्ये विकत घेतली आणि 2020 मध्ये जाहीर केलं की यापुढे आपण डिजिटल सेवा देणारी कंपनी होणार. मशीन बनवण्याचं काम सोडलेलं नाही, पण त्यासाठी 2024 पासून तोशिबा टेकबरोबर एट्रिया ही सामायिक कंपनी आहे.

मला हे फार पटतं. सॉफ्टवेअर अनेकांना लिहिता येतं. पण कागद कुठल्या दारातून येतो, कोणाच्या टेबलावर अडतो, सही कोणाची लागते, हे वर्षानुवर्षं त्या ऑफिसात टोनर बदलायला जाणाऱ्यालाच ठाऊक असतं.

परवा बाबांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, एक-चौदा आता ऑनलाइन मिळतो, झेरॉक्सला गर्दी नसते. पण फॉर्म भरून घ्यायला लोक येतात, कोणते कागद जोडायचे ते विचारतात. "चवथीला येशील तेव्हा बरा स्कॅनर घेऊन ये," म्हणाले, "आणि काउंटरसमोर दोन खुर्च्या टाकू. माणसं उभी राहतात रे."