तुम्ही कुठं बघितलंय युद्ध?

परत तोच प्रश्न, यावेळी एका लग्नाच्या पंगतीत, समोर जिलेबी वाढत असताना. "युद्धावर, निर्वासितांवर पियानो वाजवता म्हणे, पण तुम्ही कुठं बघितलंय युद्ध?" नाही बघितलं. घर सुटलं ते फक्त २०१९ च्या पुरात, आठ दिवस मावशीकडं होतो, परत आलो तर चिखल होता पण घर आमचंच होतं.

चिडून द्यायचं तर उत्तर आहे माझ्याकडं. १८३१ मध्ये पोलंडचं वॉर्सा रशियाच्या हातात पडलं तेव्हा त्यांचा संगीतकार शोपेन तरी कुठं तिथं होता, आदल्या वर्षीच बाहेर पडलेला, परत कधी गेलाच नाही. पण हे बोललो की रात्री दुसरा संगीतकार, उलमान, आठवतो. त्यानं तेरेझीनच्या नाझी छावणीत बसून पियानो सोनाटा लिहिले, १९४४ मध्ये त्याला ऑशविट्झला नेऊन मारलं. आणि शोपेनचं तर ते स्वतःचं गाव होतं. माझं काय?

माझं वळीवडे. रशियानं सायबेरियात हाकललेले पोलिश लोक इराणमार्गे बाहेर पडले, त्यातले पाचेक हजार १९४३ ते ४८ कोल्हापूरशेजारी छावणीत राहिले. त्यांच्यावर मी पाच तुकडे लिहिले. डाव्या हातात आगगाडी, उजव्यात माझुर्का, म्हणजे पोलिश नाचाची चाल, ठोका मुद्दाम भलत्याच मात्रेवर. पेटी काखेत मारून पळता येतं, पियानो मागंच राहतो, म्हणून पियानो, असं मी तेव्हा स्टेजवरून सांगायचो आणि लोक माना डोलवायचे. माझा पियानो डिजिटल आहे, बॅगेत घालून रिक्षातनं नेतो, हे कुणी विचारलं नाही ते बरं.

मग एका मित्राच्या घरी, गांधीनगरला, त्याच्या आजीपुढं वाजवायचं ठरलं. पोलिश गेले आणि त्याच छावणीत फाळणीनंतर सिंधी लोक आले, तेच आजचं गांधीनगर, आम्ही सगळे तिथंच कापड घ्यायला जातो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत असून पाचही तुकड्यांत त्यांचा एक सूर नव्हता. दादी पलंगावर बसून ऐकत होत्या. तिसऱ्या तुकड्यात एक चार मात्रांची शांतता आहे, माझी सगळ्यात लाडकी जागा, तिथं त्या म्हणाल्या, "संपलं?" मी नाही म्हणायच्या आत त्यांनी विचारलं, "ही गाडी कुणाची, बेटा? आम्ही तर कराचीहून बोटीनं आलो." मी घाईघाईनं सांगायला लागलो की पोलिश लोकांनाही कराचीतनंच आणलं होतं, म्हणजे बघा दोघांची वाट एकच, तर त्या म्हणाल्या ते माहीत नाही, आधी गोरे राहायचे एवढं माहिताय. "खोलीत खांबाला खिळे होते त्यांनी मारलेले. आईनं त्यालाच पिशवी अडकवली. दुसरं काही नव्हतंच अडकवायला." मग चहा सांगायला उठल्या. उरलेले दोन तुकडे मी वाजवले नाहीत, चहा पिऊन कीबोर्ड बॅगेत घातला.

त्यानंतर खिळ्यावर लिहायला बसलो. एकच सूर, परत परत, कोरडा. आठवडाभरानं ऐकलं तर नुसती चलाखी वाटली, आणि त्यांच्या आईचा खिळा माझ्या कार्यक्रमात ठोकायचा मला हक्क कुणी दिला? पण मग पोलिश लोकांनी तरी कुठं दिला होता? ते लांबचे होते, उठून "संपलं?" विचारणार नव्हते, म्हणून सोपं गेलं, एवढंच. हे मी मान्य करतो. लिहिणं थांबवावं हे मात्र अजून पटत नाही.

मिरजेला वाजवताना आगगाडी गाळून बघितली, तुकडा लंगडा झाला, परत घातली. पत्रिकेतनं "पोलिश" शब्द काढला, तर आता लोक विचारतात की मग हा माझुर्का कशाला.